गच्चीवरचं ऊन

विघ्नेश गच्चीवर चढला तेव्हा रोझलिन सुकेळी उलटत होती.

पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर अंथरायची, सात-आठ दिवस ऊन खाऊ द्यायची, रोज एकेक हातानं उलटायची आणि दव पडायच्या आत कापडात गुंडाळून खाली न्यायची. हे काम घाईचं नाही आणि आळशाचंही नाही. हंगामाची ही पहिलीच खेप होती. सकाळची मिस्सा आटोपून, नव्या भाताची आशीर्वादित कणसं देव्हाऱ्यातल्या क्रुसामागे खोचून ती थेट वर आली होती. निम्मी सुकेळी उलटून झाली आणि सोलर कंपनीचा हा पोरगा टेप घेऊन हजर झाला.

त्यानं बूट जिन्यावर काढून ठेवले होते, एवढी गोष्ट तिला आवडली. पण नंतर तो मांडवाभोवती दोनदा फिरला आणि त्यानं मान हलवली.

"आंटी, हे इथे नेहमी असतं का?"

"पाऊस गेला की एप्रिलपर्यंत."

"मग हे काढावं लागेल. सोलर पॅनल पूर्ण गच्चीभर येणार. खाली सगळी सावलीच."

 मांडवाच्या कडेचं, सुकत आलेलं पण जरा मऊच असं एक सुकेळं रोझलिननं त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते खाल्लं, दुसरं मागून घेतलं, 'काय मस्त आहे' असं दोनदा म्हणाला आणि मांडवाची जागा वहीत मोकळी दाखवून खाली उतरला.

खाली आल्यावर ती कुणाला काही बोलली नाही. बोलणार तरी काय? सोलर हवं होतं ते फेलिशियाच्या ओव्हनसाठी, आणि फेलिशियाचा ओव्हन यावा असं या घरात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर ते रोझलिनलाच. सुनेनं शाळेतली नोकरी सोडून केक करायला घेतले, तेव्हा गिरीज गावातल्या अर्ध्या बायकांनी नाकं मुरडली होती. आता नाताळासाठी तिच्याकडे तीनशे केकांची मागणी होती आणि घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी दोन बसत होते. मोठा ओव्हन आज नोंदवला तरच डिसेंबरआधी येणार होता. आणि आज तर नव्या तांदळाचं जेवण होतं.

या घरात नव्या तांदळाच्या जेवणाला एक कायदा होता, तो पास्कू बाबाचा, म्हणजे रोझलिनच्या सासऱ्याचा. वाडीतल्या विहिरीवरचा रहाट मोडून तेलाचं इंजिन आणायचं की नाही यावरून त्याची भावांशी जुंपली होती. तेव्हा त्यानं नव्या तांदळाच्या पंगतीत जाहीर केलं, की घराची मोठी गोष्ट पानावर बसूनच ठरेल. ज्याला पटत नाही त्यानं बसून राहावं. जो उठला त्याची संमती झाली. म्हणतात, त्याचा थोरला भाऊ दिवेलागणीपर्यंत उष्ट्या हातानं बसून होता, आणि शेवटी गुडघ्यांनी हार मानली. पास्कू बाबा गेला, रहाट गेला, इंजिनही बंद पडून गोठ्यात जाऊन बसलं, पण कायदा टिकला.

विजेची मोटर, गोबरगॅस, सिलिंडर असं सगळं त्याच कायद्यानं घरात आलं. त्या प्रत्येक वेळी रोझलिन हातात पळी घेऊन वाढत होती.

एकला पानं मांडली. मागच्या पडवीत चटया, वाडीतली केळीची पानं, नव्या तांदळाचा चिकट वाफाळता भात, कोलंबी घातलेली दुधी आणि सुरमईचं कालवण. सुरमई सकाळी कॅथरिननं अर्नाळ्याहून आणली होती. कॅथरिन म्हणजे रोझलिनची धाकटी जाऊ, माहेर अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातलं. तिचा नवरा जेम्स तारापूरच्या अणुवीज केंद्रात बत्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होता. निवृत्त होऊन आता शेजारच्याच घरात राहत होता आणि विजेच्या विषयावर जगात आपल्याशिवाय कुणाला काही कळत नाही, हे त्यानं स्वतःशी पक्कं ठरवलं होतं.

"माझी ना नाही," रोझलिनच्या नवऱ्यानं, ॲन्सेल्मनं पहिला घास घ्यायच्या आधीच जाहीर केलं. हे तो सकाळपासून चौथ्यांदा म्हणत होता. "पोरांनी ठरवलंय, घालून टाका पॅनल. वडील माणसानं आडकाठी करू नये."

"पप्पा ग्रेट आहेत," मुलगा जेन्सन म्हणाला. त्यानं मोबाइल पानाशेजारी उभा करून ठेवला होता आणि त्यावर आकड्यांचा तक्ता होता. "बघा, बिल जवळजवळ शून्य. सरकारी अनुदान वेगळं. चार-साडेचार वर्षांत सगळा खर्च वसूल, पुढची वीस वर्षं फुकट. फेलिशियाचा ओव्हन सूर्यावर चालणार."

"सूर्य संध्याकाळी घरी जातो," जेम्स म्हणाला. "आमचा रिॲक्टर कधी घरी गेला नाही."

"काका, रात्री केक कोण भाजतंय?"

"जुलैत कोण भाजतंय ते सांग. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. वीज कशी पाहिजे? मागितली की हजर पाहिजे. अणूची तशी असते."

"मग तारापूरहून एक वायर ओढू या आपल्या पडवीत."

"ओढलेलीच आहे. ग्रिडमधली कुठली वीज कुठून आली, हे तुझ्या पंख्याला विचार."

पंख्याला विचारायची वेळच आली नाही, कारण नेमका तेव्हाच तो थांबला. वसईत रविवारी दुपारी लाईट जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. रोझलिननं सवयीनं खिडकीची खालची झडप उघडली आणि दुधी फिरवायला घेतली.

जेन्सन मात्र खूश झाला. "बघा. आज पॅनल असते तर आपला पंखा चालू राहिला असता."

"राहिला नसता," जेम्स शांतपणे म्हणाला.

"का? वर एवढं ऊन आहे."

"लाईट गेली की लाईनमन खांबावर चढतो. तुझी वीज उलटी तारेत गेली तर तो बिचारा तिथंच जाईल. म्हणून ते यंत्र लाईटबरोबर आपोआप बंद पडतं. बॅटरी घेतली असशील तर गोष्ट वेगळी. घेतली आहेस?"

जेन्सननं डाव्या हातानं विघ्नेशला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हो सर," विघ्नेशचा आवाज आला, "लाईट गेली की आपलंपण जातं. बॅटरीवालं मॉडेल वेगळं येतं, महाग पडतं. पण सर, सुकेळी एक नंबर होती हां."

फोन बंद झाला. जेम्सनं भाताचा मोठा घास घेतला. एवढ्या समाधानानं जेवताना रोझलिननं त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"म्हणजे केक ओव्हनमध्ये असताना लाईट गेली," फेलिशिया हळूच म्हणाली, "तर केक बसणार. आता बसतो तसाच."

"म्हणून मी म्हणतो, गॅसचा ओव्हन घे," जेम्स म्हणाला. "मागे चार सिलिंडर ठेव. उष्णता एकसारखी, कुणाची वाट बघायला नको."

"चार?" कॅथरिनचा हात पानावरच थांबला. "बाय माझे. एकाची भीती कमी हाय काय? वहिनीचा हात बघितला नाय तुमी?"

सगळ्यांनी रोझलिनच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी चकाकत होती. त्याला आता तीस वर्षं झाली होती. शेगडी पेटवायला काडी ओढली आणि ओट्याखालून भडका उठला. रेग्युलेटर बंद करायला धावला होता तो सुटीला आलेला जेम्सच. त्याच्याही भुवया जळाल्या होत्या.

"उंदरानं नळी कुरतडली होती," जेम्स म्हणाला. "दोष गॅसचा नव्हता."

"हात माझा होता, भावजी," रोझलिन म्हणाली आणि त्याला दुधी वाढली.

पंगतीत ती पहिल्यांदाच बोलली होती. जेम्स दुधी भातात कालवू लागला. पण ॲन्सेल्मला गप्प बसवत नव्हतं. "अणूला काय भीती नसते होय रे? गॅसला उंदीर लागतो, तुझ्या अणूला काय लागतं ते विचार तुझ्या बायकोला."

"मी सांगते ना," कॅथरिन सरसावून बसली. "बत्तीस वरसं काढली मी त्या कॉलनीत. भोंग्याचा सराव असला की दारं-खिडक्या लावून घरात बसायचं. मी आधी गच्चीवरचे बोंबील आत घ्यायची आनि मग दार लावायची."

"सराव असायचा तो. दर वेळी आधी कळवायचे."

"भोंगा वाजल्यावर कोनाला आठवतं काय कळवलं ते? पन एक सांगते, देवाशपथ. लाईट कदी गेली नाय. पानी बारा म्हयने."

आपली बायको आपल्या बाजूनं बोलली की विरुद्ध, हे जेम्सला शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यानं पाय बदलला. त्याला मधुमेह होता आणि पानावर इतका वेळ बसणं त्याच्या तब्येतीला मानवणारं नव्हतं, पण उठलं की संमती. ॲन्सेल्म त्याच्याकडे बघून मिशीत हसत होता आणि मुद्दाम तांब्यातलं पाणी उंचावरून पेल्यात ओतत होता.

फेलिशिया हसली नाही. ती रोझलिनकडे बघत होती.

"मम्मी," ती म्हणाली, "बोंबलांवरून आठवलं. पॅनल लागल्यावर सुकेळी कुठे घालणार?"

रोझलिनची पळी कालवणातच राहिली. हा प्रश्न कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. विचारला तर 'बघू' म्हणायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"बघू," ती म्हणाली.

"त्यात काय बघायचं?" ॲन्सेल्म म्हणाला. "अंगणात घाल."

"अंगणात नारळीची सावली आहे. कोंबड्या आहेत."

"मम्मी, तू कशाला एवढा त्रास घेतेस?" जेन्सन प्रेमानंच म्हणाला. "किती मिळतं त्यातून? तेवढे मी देत जाईन तुला."

रोझलिनला ते लागलं. मुलगा वाईट नव्हता आणि बोलला तेही वाईट नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ती भाताचं भांडं उचलून स्वयंपाकघराकडे वळली.

"मम्मी, थांबा." फेलिशिया पानावरून उठली. "तुमचं पान कुठे आहे?"

"मी मागून बसेन. नेहमीसारखी."

"फेलिशिया उठली," जेम्सनं नोंद केली. "तिची संमती झाली."

"माझी तर मागणीच आहे, काका. संमती मम्मींची राहिलीय."

"माझी कसली संमती?" रोझलिन म्हणाली. "कायद्याला पानावर बसलेलं माणूस लागतं."

"म्हणून तर बसा."

फेलिशियानं जेम्सच्या शेजारी चटई टाकली, पान मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि भात वाढला.  रोझलिननं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पण तो मिठाकडे बघत होता. मग ती बसली. बेचाळीस वर्षं ती या पंगतीत डोक्यांवरून बघत आली होती, कुणाचा भात संपला, कुणाला कालवण हवं. आज सगळे चेहरे समोर होते. जेन्सनच्या कानाजवळ पांढरे केस आलेत, हे तिला आत्ता दिसलं.

"ओव्हन यायलाच पाहिजे," ती म्हणाली. "पहिली गोष्ट ती. आणि तो विजेचाच पाहिजे. सूर्याची वीज मिळते तर घ्यावी, ती मला भावजींच्या अणूपेक्षा जवळची आहे. पण त्या पोरानं वहीत आपली गच्ची मोकळी दाखवलीय. ती मोकळी नाही. तिथलं ऊन बेचाळीस वर्षं कामाला आहे."

ती मुलाकडे वळली.

"जेन्सन, तुझ्या इंजिनिअरिंगची फी कुठून आली माहीत आहे?"

"पप्पांनी भरली."

"पप्पांच्या हातून भरली. त्या वर्षी विड्याच्या पानांची वेल मेली होती, केळीला भाव नव्हता. चारही वर्षं फी त्या मांडवावरून उतरली. ती पण सूर्याचीच वीज म्हण. तिला लाईनमन लागला नाही."

जेन्सननं वडिलांकडे पाहिलं. ॲन्सेल्मनं मान हलवली आणि मीठ उगाचच पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं. जेन्सननं मोबाइल पालथा घातला.

"मग पॅनल नकोत," फेलिशिया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज पक्का होता. "मी छोट्या ओव्हनवर करेन जमेल तेवढं. सुकेळी हलवायची नाहीत."

"तू गप्प बस गं. मी पॅनल नको म्हणाले का? गच्ची नको म्हणाले. गोठ्याचं छप्पर आहे की. बैल जाऊन जमाना झाला. त्याचा उतार दक्षिणेला आहे आणि सकाळी नवापासून संध्याकाळी पाचपर्यंत तिथं ऊन हलत नाही. मी रोज वरून बघते."

"दक्षिणेला?" जेम्स एकदम ताठ झाला. "उतार किती असेल? वीस अंश? वहिनी, पॅनलला पाहिजे तोच कोन आहे तो. दादा, लांबी किती रे गोठ्याची?"

ॲन्सेल्मनं पाण्याचा पेला खाली ठेवला. सकाळपासून ज्याची ना नव्हती, त्याचा चेहरा आता बघण्यासारखा झाला होता. गोठ्यात पास्कू बाबाचं इंजिन होतं. चार भंगारवाल्यांना ॲन्सेल्मनं दारातून परत पाठवलं होतं आणि दर रविवारी तो ते इंजिन तेलाच्या फडक्यानं पुसायचा. वरची कौलं आणि माडाचे वासे पास्कू बाबानं स्वतः चढवलेले होते.

"गोठ्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"वडील माणसानं आडकाठी करू नये, दादा," जेम्स म्हणाला. सकाळपासून सौरऊर्जेला नावं ठेवणारा हा माणूस कधी फिरला, हे कुणाला कळलंच नाही. आता तो पानावर बोटानं गोठ्याचा नकाशा काढत होता.

"पण काका, लाईट गेली तर?" फेलिशियानं विचारलं.

"जोडीला एक छोटा गॅसचा ओव्हन ठेव. सिलिंडर एकच, तोही घराबाहेर."

"आणि नळी तांब्याची," रोझलिन म्हणाली. "उंदराचे दात पडले पाहिजेत. जोडल्यावर आधी तुम्ही तपासायची, भावजी, मग मी काडी ओढेन."

"तपासतो. दर महिन्याला तपासतो." जेम्स उठला. एका हातानं गुडघा धरून, पण घाईनं. "मी उठलो. माझी संमती. आता मला जाऊ द्या." आधी तो कुठे गेला ते सगळ्यांना माहीत होतं. तिथून मात्र तो थेट गोठ्याकडे निघाला आणि टेप धरायला फेलिशियाला हाक मारू लागला. ती धावलीच. कॅथरिन "मी पन उठली" म्हणून दोघांच्या मागोमाग गेली, कारण नवरा शिडीवर चढणार आणि खालून ओरडायला कुणीतरी हवं.

जेन्सन थोडा वेळ बसून राहिला.

"आजची उलटून झाली का सगळी?" त्यानं विचारलं.

"निम्मी राहिलीत. विघ्नेश आला म्हणून."

तो उठला. नळावर साबणानं हात धुतले, दोनदा धुतले आणि जिना चढून वर गेला.

पडवीत दोघंच उरली. रोझलिन जेवू लागली. नवीन भात गोड होता, नुसताही जात होता. समोर ॲन्सेल्म मांडी घालून बसला होता, थोरल्या चुलत्यासारखा दिवेलागणीपर्यंत बसायची तयारी असल्यासारखा.

"इंजिन कुठं टाकू?" तो म्हणाला.

"टाकायचं कशाला? कौलं जातील, वर पॅनल येतील, इंजिन तिथंच राहील. गेल्या पावसात त्याच्यावर थेंब थेंब पाणी पडत होतं. तुम्ही रात्री उठून छत्री लावून आलात ना? मला काय कळलं नाही?"

"बापानं बांधलेलं छप्पर आहे, रोझलिन."

"आणि बापानं मोडला तो रहाट त्याच्या बापाचा होता."

 बाहेरून जेम्सचा आवाज येत होता, बावीस फूट, बावीस फूट सहा इंच, आणि मागोमाग कॅथरिनचा, की खाली उतरा आधी. रोझलिनचा भात कोरडा पडला होता. कालवणाचं भांडं पडवीच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि वाढायला कुणीच नव्हतं. ती तशीच खात राहिली. या पंगतीत वाढणारं माणूस नसलं की काय होतं, हे या घरानं आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

ॲन्सेल्मनं तिच्या पानाकडे पाहिलं. मग भांड्याकडे पाहिलं. मग चटईवर हात टेकून तो उठला, डाव्या हातात पळी घेतली आणि भांडं तिच्यासमोर आणून वाकला.

"पप्पा उठले," फेलिशिया दारातून म्हणाली. ती पेन्सिल न्यायला आली होती.

"मी कालवण वाढायला उठलोय."

"कायदा कायदा आहे, दादा," गोठ्याच्या छपरावरून जेम्स ओरडला. त्याला नको तिथलं बरोबर ऐकू यायचं.

ॲन्सेल्म पळी धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर फसलेल्या माणसाचा भाव होता आणि तो त्यानं बराच चांगला आणला होता. पण रोझलिनला त्याची बेचाळीस वर्षं माहीत होती. एवढ्या पंगतींत कायदा विसरून तो एकदाही उठला नव्हता. आजही विसरला नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"मम्मी," वरून जेन्सनची हाक आली, "उलटायची म्हणजे पूर्ण की अर्धी?"

"पूर्ण," ती म्हणाली. "आणि दाबू नकोस."

ॲन्सेल्मनं भांड्यात पळी फिरवली. तिच्या वाटणीला नेहमी डोकं किंवा शेपूट यायचं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरायचंच ते. तिनं पान दोन बोटं पुढे सरकवलं.

"मधली तुकडी वाढा," ती म्हणाली.

त्यानं तळापर्यंत शोधून मधली तुकडी काढली आणि तिच्या भातावर ठेवली.